जावाची दाटी, बालीचे पाणी आणि गावाचा दंड

अकरावी-बारावीला भूगोल शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. इंडोनेशियात हजारो बेटे असताना निम्म्याहून जास्त माणसे एकट्या जावावर का राहतात? आणि तिथली जुनी गावसंस्कृती खरोखर जिवंत आहे, की बालीत नाच दाखवतात तशी ती पर्यटकांपुरतीच उरली आहे? ताईंनी हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले आहेत. मला ते एकच वाटतात, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

आधी मी कुठून बोलतो ते सांगतो. माझे काम पाण्याचे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फडपद्धतीचे, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याच्या रीतीचे, जुने बंधारे आहेत. तिथे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पुढे त्याच अनुभवाच्या जोरावर बाली, मध्य जावा आणि फ्लोरेस इथे महिनोन्‌महिने राहणे झाले. त्यामुळे मी जे सांगेन ते बांधावर उभे राहून पाहिलेले आहे.

आकड्यांपासून सुरुवात करू. २०२० च्या जनगणनेत इंडोनेशियाची लोकसंख्या २७ कोटी २ लाख भरली. त्यातले १५ कोटी १६ लाख लोक जावावर होते, म्हणजे शंभरातले छप्पन्न. या बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम १ लाख ३० हजार चौरस किलोमीटर आहे आणि देशाच्या एकूण जमिनीतला त्याचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरचा. त्याच्या निम्म्याहूनही कमी जागेत, महाराष्ट्राच्या २०११ च्या लोकसंख्येहून तिसऱ्या हिश्शाने जास्त माणसे बसवा, म्हणजे जावा डोळ्यांपुढे येईल. शेजारच्या कालिमांतानकडे, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागाकडे, जावाच्या चौपट जमीन आहे आणि माणसे १ कोटी ६६ लाख. विद्यार्थ्यांपुढे हे दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवले तर "का?" हा प्रश्न मुलेच विचारतील.

पहिले कारण जमिनीच्या पोटात आहे. जावाच्या पाठीवर पूर्व-पश्चिम अशी जागृत ज्वालामुखींची रांग आहे. ज्वालामुखीची राख पडते, पाऊस ती खाली आणतो, नद्या ती खाचरांत पसरवतात आणि जमिनीची झीज भरून निघते. कालिमांतानमध्ये जागृत ज्वालामुखी नाहीत. तिथल्या जुन्या मातीतले सत्त्व हजारो वर्षांच्या पावसाने धुऊन नेले आहे, आणि किनाऱ्याकडे मैलोन्‌मैल दलदलीची पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, जमीन. डोळ्यांना रान हिरवेगार दिसते, पण तोडून भात लावला की दोन-तीन हंगामांत जमीन थकते. म्हणून तिथला शेतकरी फिरता राहिला आणि जावाचा एका जागी रुजला. मेरापी पर्वत २०१० मध्ये फुटला तेव्हा साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. तरी वर्ष-दोन वर्षांत लोक उतारावरच्या शेतांकडे परत आले होते. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो. तिथल्या शेतकऱ्याला ती माती काय देते ते माहीत आहे.

पण नुसत्या मातीने १५ कोटी होत नाहीत. १८१५ च्या सुमारास, इंग्रजांच्या छोट्या अंमलात, तिथला इंग्रज कारभारी रॅफल्स याच्या माणसांनी जावाची मोजणी केली तेव्हा आकडा ४५ लाखांच्या आसपास आला. तो कमी मोजला गेला असे अभ्यासक मानतात. तरी १९३० च्या डच जनगणनेत जावा आणि मदुरा मिळून ४ कोटी १७ लाख माणसे होती हे पाहिले की मधल्या काळात काहीतरी मोठे घडले हे उघड आहे. १८३० मध्ये डचांनी सक्तीची लागवड आणली. गावाने आपल्या जमिनीच्या पाचव्या हिश्शात सरकारसाठी ऊस, नीळ, कॉफी पिकवायची आणि त्यासाठी राबायचे. ऊस भाताच्याच खाचरात, पाळीपाळीने. सरकारला राबणारे हात हवे होते आणि उरलेल्या जमिनीवर घर जगवायलाही हातच लागत होते. भाताची खाचरशेती यात विलक्षण आहे. आणखी एक माणूस निंदायला, बांध लिंपायला, रोप सरळ ओळीत लावायला आला तर उत्पन्न थोडे का होईना, वाढतेच. घरात मूल वाढले की हात वाढले, हा हिशेब तिथे पिढ्यान्‌पिढ्या खरा ठरत गेला.

या दाटीतून जावाचे गाव घडले. इतकी माणसे इतक्या थोड्या जमिनीवर राहायची तर काम आणि भाकर वाटून घेण्याची काहीतरी रीत लागतेच. जावातली सर्वांत सुंदर रीत कापणीची होती. आनी-आनी नावाचे एक हत्यार असते. तळहातात मावेल एवढी लाकडी पट्टी आणि तिच्यात बसवलेले बोटभर पाते. बाई ते मुठीत लपवते आणि भाताची एकेक लोंबी अलगद खुडते. भातात देवी श्री, आपली श्रीच ती, राहते. मोठा विळा पाहून ती घाबरेल म्हणून पाते लपवायचे, अशी श्रद्धा. मी एका म्हातारबाईंच्या हातात ते पाहिले आहे. पात्याचा इवलासा टक्‌ आवाज येत होता आणि बोटे इतकी झरझर चालत होती की लोंबी कधी तुटली ते कळत नव्हते.

या हत्याराने कापणीला माणसे खूप लागत. म्हणून कापणी सगळ्यांना खुली असे. गावातल्या भूमिहीन बाईनेही यायचे, कापायचे आणि कापलेल्यातला ठरावीक हिस्सा घरी न्यायचा. त्या हिश्श्याला बावोन म्हणतात. शेतमालकाने कुणाला "तू येऊ नकोस" म्हणणे लाजिरवाणे मानले जाई.

मग हरितक्रांती आली. बुटक्या वाणांचे भात आले. त्यांना आनी-आनी सोयीची नव्हती, विळा सोयीचा होता. मालक उभे पीकच व्यापाऱ्याला विकू लागला आणि व्यापारी आपली टोळी घेऊन येऊ लागला. उभे पीक विकण्याच्या या रीतीला तेबासान म्हणतात. त्याच सुमारास, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, भात सडायच्या छोट्या गिरण्या आल्या आणि उखळ-मुसळावर राबणाऱ्या असंख्य बायकांचे काम काही वर्षांत गेले. इंडोनेशिया १९८४ मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला. हे फार मोठे यश आहे, दुष्काळी मुलखातला माणूस त्याला कमी लेखणार नाही. पण कापणीला सगळे गाव उतरायचे ते थांबले. जावाची गावसंस्कृती कुठे तुटली असे मला कुणी विचारले, तर मी बोट शहराकडे किंवा दूरदर्शनकडे दाखवणार नाही. मी या विळ्याकडे दाखवीन.

पण जावाचे गाव मेलेले नाही. योग्याकार्ता परिसरातल्या एका गावात मी राहत होतो तेव्हाची गोष्ट. प्रत्येक घराच्या पडवीच्या खांबाला दुधाच्या डब्याएवढा एक छोटा डबा टांगलेला. रात्री अकरानंतर गस्तीची पाळी निघे, तिला रोंदा म्हणतात. चार-पाच पुरुष, हातात विजेऱ्या, एकाकडे केंतोंगान, म्हणजे ठोकून वाजवायची बांबूची पोकळ नळी. चालता चालता प्रत्येक डब्यातली चिमूटभर पुंजी ते पिशवीत ओतत. पूर्वी ही पुंजी मूठभर तांदळाची असे. आता बहुतेक घरे ५०० रुपियाचे नाणे टाकतात. याला जिंपितान म्हणतात, म्हणजे चिमूट. त्यातून गल्लीतला दिवा बदलायचा, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, मयताच्या घरी चहा-साखर पोचवायची. कोणाचा डबा रिकामा होता याची वहीत नोंद व्हायची. तीन रात्री ओळीने रिकामा सापडला तर पाक एर्ते सकाळी त्या घरी जाऊन बसत. मी एकदा विचारले, "पैसे मागायला जाता का?" ते म्हणाले, "नाही, घरात काय अडले आहे ते बघायला जातो."

पाक एर्ते म्हणजे तीस-पन्नास घरांच्या शेजारगटाचा प्रमुख. हे शेजारगट पुरातन नाहीत, ते जपानी ताब्याच्या काळात, १९४४ मध्ये, युद्धाच्या बंदोबस्तासाठी लादले गेले. जावाच्या लोकांनी ते आपल्या जुन्या शेजारधर्मात मुरवून घेतले. 'पारंपरिक' हा शब्द वापरताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. घरी स्लामेतान असला, म्हणजे बारसे, सुंता, मयताचा सातवा किंवा चाळिसावा दिवस असे काही निमित्त असले, की शेजारचे पुरुष सतरंजीवर गोल बसतात, अरबीत दुआ होते, मध्ये भाताचा शंकू असतो आणि जाताना प्रत्येकाच्या हातात बेरकातची, म्हणजे प्रसादाच्या जेवणाची, पुडी दिली जाते. शंकूचा भात इस्लामच्या आधीचा, दुआ इस्लामची. जेवणाऱ्याला त्यात विसंगती दिसत नाही.

इतक्या वर्षांत मला गाव ओळखायची एक खूण सापडली आहे, ती इथे सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. घरे जुनी आहेत का, लोक धोतर-लुंगी नेसतात का, नाच होतात का, हे मी बघत नाही. गावाचा नियम मोडणाऱ्याला गाव अजून दंड करते का, आणि दंड झालेला माणूस तो भरतो का, एवढे बघतो. जिथे भरतो तिथे गाव जिवंत आहे.

या खुणेने बाली तपासा. पर्यटक बघतात ती बाली निराळी आणि मी म्हणतो ती निराळी, पण दोन्ही एकाच जमिनीवर. हे बेट आपल्या रायगड जिल्ह्याहूनही लहान आहे आणि २०२० मध्ये तिथे ४३ लाख माणसे होती. तिथे गावे दोन प्रकारची असतात, तीही एकाच जागेवर. एक सरकारी गाव, जे दाखले देते आणि निधी खर्च करते. दुसरे देसा आदात, म्हणजे रूढीचे गाव, जे देवळे, स्मशान आणि नियम सांभाळते. त्याच्या पोटात वस्त्या असतात, त्यांना बांजार म्हणतात. लग्न झाले की जोडपे बांजारचे सभासद होते. वस्तीच्या मंडपात लाकडाचा लांब पोकळ ढोल टांगलेला असतो, तो कुलकुल. त्याच्या ठोक्यांवरून सभा आहे, मयत आहे की आग लागली आहे ते कळते. ठोका ऐकून आला नाहीत तर दंड. नियम अविग-अविग नावाच्या गावसंहितेत लिहिलेले असतात. सर्वांत कडक शिक्षा वाळीत टाकण्याची. ती इतकी जड का, ते बालीतली अंत्ययात्रा पाहिली की कळते. ङाबेन, म्हणजे दहनविधी, एका घराच्या आवाक्यातला नसतोच. मनोरा बांधायचा, नैवेद्य करायचे, खांदा द्यायचा, याला शेकडो हात लागतात. तुम्ही इतरांच्या मयताला गेला नसाल तर तुमच्या घरच्या मयताला कोण येणार?

वाळीत टाकणे आपल्याकडे जातपंचायतींनी किती क्रूरपणे वापरले हे मी पाहिले आहे, आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्ध कायदा केला त्याचा मला आनंद आहे. बालीतही ही शिक्षा अन्यायाने वापरली गेल्याच्या तक्रारी होतात. गाव जिवंत असणे म्हणजे गाव नेहमी न्यायी असणे असे मी समजत नाही. वर्गात शिकवताना हा भाग झाकू नये.

आता सुबाक, म्हणजे माझ्या कामाचा भाग, त्यावर जरा थांबतो. सुबाक ही पाण्याची संस्था आहे, गावाची नव्हे. एका पाटावर भिजणाऱ्या सगळ्या शेतांच्या मालकांची ती मिळून एक, मग ते कोणत्याही गावचे असोत. अकराव्या शतकातल्या बालीच्या ताम्रपटांत तिचा उल्लेख सापडतो, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात ती घेतली. पाणी वाटायला पाटात आडवा ओंडका टाकतात आणि त्याला खाचा पाडतात. ज्याचा जेवढा हिस्सा तेवढी त्याची खाच रुंद. तळ सगळ्यांचा सारख्या पातळीवर, त्यामुळे पाणी कमी झाले तरी सगळ्यांचे सारख्याच प्रमाणात कमी होते. याला मोटर नाही, मीटर नाही, माणूस रात्रभर राखणीला बसवायची गरज नाही. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा पेकासेह, म्हणजे सुबाकचा प्रमुख, वाकून एका खाचेत बोटे घालत होता. एक केळीचे पान अडकले होते. ते काढून त्याने खाचेची कड अंगठ्याने चाचपली. कुणीतरी रात्रीत पात्याने ती दोन सुतांनी खरवडली होती. लाकूड ताजे पांढरे दिसत होते. त्याने कुणाचे नाव घेतले नाही. पुढच्या सभेत मात्र ओंडका बदलायचा खर्च कोणी द्यायचा, असा विषय निघाला, आणि मागे बसलेला एक मनुष्य उठून म्हणाला, "मी देतो." सभा पुढच्या विषयाकडे गेली. पांझरेच्या फडावर पाटकरी आणि जागल्या जे काम करतात तेच हे, आणि तिथे बसून मला माझ्या गावाची फार आठवण झाली.

पण सुबाकमध्ये एक गोष्ट आहे जी मला फडात शिकायला मिळाली नव्हती. वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला पाणी का सोडतो? नैतिकता म्हणून? ते पुरेसे नाही, मी पाण्यावरून डोकी फुटलेली पाहिली आहेत. उत्तर किडीत आहे. सगळ्या खोऱ्याने एकाच वेळी भात लावला, एकाच वेळी कापला आणि एकाच वेळी शेते पडीक पाण्याखाली ठेवली, तर तुडतुड्यांना आणि उंदरांना खायला काही उरत नाही. खालच्याला पाणी मिळाले नाही तर तो उशिरा लावतो, त्याच्या शेतात कीड वाढते आणि ती वर चढते. म्हणून वरच्याला पाणी देणेच परवडते. किती सुबाकांनी एकत्र पडीक ठेवायचे, हे पाण्याच्या देवळांत बसून ठरते. बातुर सरोवराच्या काठची देवी दानू ही त्या सगळ्या पाण्याची मालकीण, आणि भांडण मिटले नाही तर ते तिच्या देवळाच्या महापुजाऱ्यापर्यंत जाते.

१९७० च्या दशकात सरकारने सांगितले की नवे वाण लवकर येतात, तेव्हा पाणी असेल तसे लावत राहा, देवळाच्या पंचांगाची वाट बघू नका. काही हंगाम उत्पन्न चढले. मग तपकिरी तुडतुड्यांनी आणि त्यांच्या मागोमाग तुंग्रो रोगाने शेतेच्या शेते बसवली. औषधे मारली तर तुडतुड्यांना खाणारे कोळी आधी मेले. जावावरही हेच झाले, आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर वापरायच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली. बालीतले शेतकरी देवळाच्या वेळापत्रकाकडे परत गेले. स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने संगणकावर प्रारूप मांडून दाखवले की त्या देवळांचे वेळापत्रक पाणी आणि कीड या दोन्हींचा तोल साधणारे आहे. माझ्या धंद्यातल्या लोकांनी हा धडा शिकायला फार उशीर केला, आणि मी त्यांतलाच एक आहे. सुरुवातीला मीही देवळातला भाग 'सांस्कृतिक' म्हणून अहवालाच्या परिशिष्टात टाकत असे.

आज सुबाकला धोका किडीचा नाही, जमिनीच्या भावाचा आहे. पाटाच्या तोंडाशी एखादे विश्रामगृह उभे राहिले की खालच्या खाचा कोरड्या. जमीन विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. भाताच्या एका वाफ्यातून वर्षात काय हाती येते ते मी जाणतो, म्हणून मी देत नाही.

मराठी माणसाला बालीत एक गोष्ट घरची वाटेल. तिथे शक मोजतात, आपलाच. त्यांचे नववर्ष न्येपी आपल्या पाडव्याच्या आसपास येते. २०२३ मध्ये दोन्ही २२ मार्चलाच आले, आणि दोन्हीकडे शक १९४५ लागला. मात्र आपण गुढी उभारून वाजतगाजत जातो, आणि ते चोवीस तास दिवा लावत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, विमानतळसुद्धा बंद असतो. गावाचे पेचालांग, म्हणजे रूढीचे राखणदार, रस्त्यावर फिरतात आणि पर्यटकालाही आत पाठवतात. भाषेतही असेच ओळखीचे शब्द भेटतात. 'बाहासा' म्हणजे भाषा, 'सुआमी' म्हणजे नवरा, 'इस्त्री' म्हणजे बायको, आणि गाव म्हणजे 'देसा'. म्हणून "हे सगळे मुळात आपलेच" असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. या लोकांचे पूर्वज चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास तैवानकडून फिलिपिन्समार्गे होड्यांतून आले, त्यांची घरे, खाचरे, नात्यांच्या रीती त्यांच्या आहेत. पापुआ बेटावरचे लोक तर त्याहूनही कितीतरी आधीपासून तिथे आहेत. आपल्याकडचे शब्द त्यांनी निवडून घेतले आणि आपल्या कामाला लावले.

बाकी बेटांवर भरभर जातो. पश्चिम सुमात्रात मिनांगकाबाऊ लोक आहेत. कट्टर मुसलमान, आणि जमीन-घर आईकडून मुलीकडे. घराच्या कारभारात शब्द चालतो आईच्या भावाचा, त्याला ते 'मामाक' म्हणतात. उच्चाराचे साम्य योगायोगाचे, पण नाते अगदी मामाचेच. घरात आलेल्या जावयाला ते खोडावरच्या राखेची उपमा देतात, फुंकर आली की उडणारी. म्हणून तिथला तरुण घर सोडून परमुलखात जातो, कमावतो, त्याला मरांताउ म्हणतात. १९७९ च्या कायद्याने सगळ्या देशावर जावाच्या नमुन्याचे गाव लादले तेव्हा मिनांगकाबाऊंची नागारी ही जुनी ग्रामव्यवस्था तुकड्या-तुकड्यांत वाटली गेली. १९९८ च्या सत्तापालटानंतर, २००० मध्ये, त्यांनी ती पुन्हा उभी केली. वीस वर्षे कागदावर नसलेली गोष्ट लोकांनी डोक्यात जपून ठेवली होती, हे माझ्या लेखी फार मोठे आहे. २०१४ च्या ग्राम कायद्याने रूढीच्या गावाला देशभर जागा दिली.

फ्लोरेसच्या मांगगाराई भागात शेते वर्तुळात कापलेली असतात. मध्यभागी एक खुंट, तो लोदोक. तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा बाहेर जातात आणि प्रत्येक घराला एक पाचर मिळते. कोणाची किती रुंद ते मधल्या खुंटाशी बोटांनी मोजतात. चांचारच्या टेकडीवरून ते दिसते तेव्हा बांध आणि खुंट यांतून त्या गावातली सगळी नाती वाचता येतात. सुलावेसी बेटावरच्या तोराजात मेलेला माणूस दहनाविना, दफनाविना महिनोन्‌महिने घरात ठेवतात आणि अंत्यविधी होईपर्यंत त्याला 'आजारी'च म्हणतात. तिथले म्हशी कापण्याचे मोठे समारंभ सगळे दाखवतात, मला ते घराघरांतले देण्या-घेण्याचे हिशेब जास्त बोलके वाटतात. कोणी कोणाला केव्हा म्हैस दिली, हे पिढ्यांपर्यंत लक्षात असते आणि फेडले जाते.

मालुकू बेटांवर सासी आहे. ठरावीक काळ नारळ, मासे, शिंपले काढायचे नाहीत, गावाचे केवांग म्हणजे राखणदार लक्ष ठेवणार, मोडले तर दंड. माझी खूण तिथे अगदी उघड दिसते. त्याच मालुकूत ख्रिस्ती आणि मुसलमान गावांमध्ये पेला नावाचे भाऊपणाचे नाते असते. पेलातल्या गावांनी एकमेकांत लग्न करायचे नाही आणि मशीद असो की चर्च, बांधताना एकमेकांना राबायचे. १९९९ पासून तीन वर्षे तिथे धर्मावरून भयंकर रक्तपात झाला आणि पेला त्याला थोपवू शकली नाही. हेही तितकेच खरे आहे. पण तह झाल्यावर गावे पुन्हा बोलू लागली ती तोच धागा धरून.

आणि सिमेउलुए. सुमात्राजवळच्या या बेटावर १९०७ मध्ये त्सुनामी आली होती. तिला ते 'स्मोंग' म्हणत. आज्या नातवंडांना सांगत, जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला तर मासे वेचू नका, टेकडीवर पळा. २६ डिसेंबर २००४ ला समुद्र मागे हटला. बेटावर सुमारे ७८ हजार माणसे होती, त्यांतली सात दगावली. पलीकडे सुमात्राच्या टोकाला, आचेच्या किनाऱ्यावर, एक लाखाहून जास्त गेली.

आता लोकसंख्येकडे परत येतो. दाटी कमी करायला डचांनी १९०५ मध्ये मध्य जावातल्या केदू भागातली १५५ कुटुंबे सुमात्राच्या लाम्पुंगमध्ये नेऊन वसवली. स्वतंत्र सरकारने ही स्थलांतर योजना पुढे लाखोंवर नेली. आज लाम्पुंगमध्ये जावाचेच लोक बहुसंख्य आहेत. जावाची दाटी मात्र हलली नाही, आणि ज्या बेटांवर ही माणसे गेली तिथल्या रूढीच्या जमिनी गेल्या, भांडणे उभी राहिली. कालिमांतानला जावासारखी माती नाही हे वर सांगितले. ते विसरून खाचरे मारली तिथे वसाहती ओस पडल्या. फरक पडला तो कुटुंबनियोजनाने. १९७० पासून "दोन मुले पुरेत" हा संदेश गावागावांत पोचला, आणि तो बांजार, शेजारगट, बायकांची मंडळे यांच्यातूनच पोचला. काही ठिकाणी गावाच्या सभेत जोडप्यांच्या नोंदी उघडपणे वाचल्या जात. आज खासगीपणाच्या नजरेने ते टोचते, आणि टोचायलाच हवे. पण १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाईमागे साडेपाचच्या पुढे असलेला जननदर २०२० मध्ये २.२ च्या खाली आला होता.

याची किंमत बालीत नावात मोजली जाते. तिथे मुलाचे नाव जन्मक्रमाने ठेवतात. पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, मुलगा असो की मुलगी. पाचव्याला पुन्हा वायान. दोन मुलांवर थांबले तर न्योमान आणि केतुत जन्मालाच येत नाहीत. २०१९ मध्ये बालीचे राज्यपाल वायान कोस्तर यांनी दोन मुलांचा प्रचार थांबवून चार मुलांच्या बाली रीतीचा पुरस्कार केला तो यामुळेच. मला त्यांचा उपाय पटत नाही. मुले किती हवीत ते त्या बाईने ठरवावे, नावाने नव्हे. पण दुःख समजते. सुबाकच्या हजेरीत साठी ओलांडलेले केतुत पुष्कळ आहेत. पंचविशीतला एकही मला त्या हजेरीत भेटला नाही.

ताई, तुम्ही स्वतः जाणार असाल तर बालीचा ३५ दिवसांचा महिना धरून बांजारची सभा कधी आहे ते आधी विचारून घ्या आणि परवानगी मागा. कमरेला सेलेंदांग, म्हणजे कापडी पट्टा, बांधा, मागे बसा, सभेत फोटो काढू नका. जावात राहणार असाल तर यजमानाला सांगून पडवीतल्या डब्यात तुमचेही एक नाणे रोज रात्री टाका. पहिल्या आठवड्यात कोणी काही बोलणार नाही. नंतर एखाद्या सकाळी पाक एर्ते चहाला येतील, आणि तुम्हाला विचारायच्या असतील त्या बऱ्याच गोष्टी ते आपणहून सांगायला लागतील.